अण्णांचं यान आणि काकीचं माहेर

आमच्या शेजारचे रघुअण्णा नवी गाडी दिसली की तिचा वास घेतात. आंबा हातात घेऊन देठाकडून हुंगावा, तसा. आधी पुढून, मग दाराच्या फटीतून, मग मागे जाऊन उकिडवे बसून धुराच्या नळीचा. तोवर कुणाशी बोलत नाहीत. शेवटी गुडघे झाडून उठतात आणि निकाल सांगतात. "डिझेल. टाकीचं झाकण सैल हाय." किंवा, "पेट्रोल. पण मालक मागच्या सीटखाली सुकट ठेवतो."

माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. मुलाचे वडील ओटीवर पोहे खात होते. खाता खाता त्यांनी अंगणात बघितलं, तर त्यांच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. ते बशी ठेवून "चोर, चोर" म्हणत उठले. अण्णा सावकाश बाहेर आले, लेंग्याला हात पुसला आणि म्हणाले, "गाडी स्वच्छ हाय. मुलगा बघितला नाय, पण चालेल. जो गाडीला वास येऊ देत नाय, तो बायकोला त्रास देणार नाय." लग्न ठरलं. नणंद अजून सांगते, मला गाडीच्या वासावर दिली.

मिरजोळ्याला कारखान्यांची वसाहत आहे, तिच्या मागच्या अंगाला आमची वाडी. मी लग्न होऊन आले तेव्हा अण्णा मच्छीमार लाँचींच्या इंजिनांवर फिटर होते. रोज संध्याकाळी सायकलवरून येत आणि हातपाय धुवायच्या आधी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जात. त्या शेडला ते कारखाना म्हणत. आत एक जुना डिझेलचा तीनचाकी टेम्पो, दोन स्कूटरींचे सांगाडे, एक लाँचीचा पंखा आणि नटबोल्टांनी भरलेले बिस्किटांचे डबे. तिथे जे काही तयार होई त्याला गाडी म्हटलेलं त्यांना चालत नसे. "गाडी बाजारात मिळते. हे यान हाय."

यान कशासाठी, हे वाडीतल्या लहान पोरालाही माहीत होतं. अण्णांच्या बायकोला, सुनंदाकाकीला, गाडी लागते. काकीचं माहेर दापोलीच्या बाजूला, आतल्या गावात. तिथे रेल्वे नाही. खेडपर्यंत रेल्वेने गेलं तरी पुढे सगळी वळणंच. काकी म्हणायची, "डिझेलचा वास आला ना गो, की माझं पोट गळ्याशी येतं." म्हणून लग्न झाल्यापासून काकी माहेरी गेली नव्हती.

शिमग्यात आमच्याकडे देवीची पालखी घरोघर येते, आणि माहेरवाशिणी माहेरी येऊन देवीची ओटी भरतात. काकीची तयारी दर वर्षी असायची. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. ती पिशवी खुंटीला टांगलेली असे. पालखीचा दिवस टळला की काकी पिशवी काढून त्यातला नारळ आमटीला फोडायची. आम्ही बायका तिला एकेक उपाय सांगायचो. कुणी म्हणे तोंडात आल्याचा तुकडा धर. कुणी म्हणे लिंबू हुंग. माझ्या सासूबाई म्हणत, पोटाला वर्तमानपत्र बांध. काकी सगळ्यांचं ऐकून घ्यायची, "करून बघते गो" म्हणायची, आणि जायची नाही.

आणि अण्णांना कुणी विचारलं, काकीसाठी चाललंय ना हे सगळं, तर ते भडकायचे. "बायकोसाठी कोण इंजिन खोलतो? मी देशासाठी करतोय. देशाचं तेल वाचलं पाहिजे."

देशाचं तेल वाचवायला त्यांनी पहिलं यान काढलं ते तळणीच्या तेलावर. त्यांचा हिशोब सरळ होता. काकीला डिझेलचा वास सोसत नाही, पण वड्यांचा सोसतो. एसटी स्टँडजवळच्या वडेवाल्याकडून त्यांनी काळं झालेलं तेल आणलं, फडक्यातून गाळलं, तापवलं आणि टेम्पोच्या टाकीत ओतलं. इंजिन खरंच चाललं. वाडीतून एक फेरी झाली आणि सगळीकडे बटाटेवड्यांचा घमघमाट सुटला. वाडीतली कुत्री यानामागे धावायला लागली. पोरं घराघरांत आईला विचारायला लागली, कुणाकडे वडे तळतायत. त्या दिवशी प्रत्येक घरात बाईला वडे करावे लागले आणि सगळ्यांनी अण्णांना शिव्या दिल्या. थंडी पडली तसं ते तेल नळीत गोठून बसलं आणि यान शेडमध्ये उभं राहिलं.

"तत्त्व बरोबर हाय," अण्णा म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं. यान उलटलं, पेटलं, विहिरीच्या कठड्यावर चढलं, तरी तत्त्व बरोबर. "फक्त एक वायसर कमी पडला."

मग त्यांच्या लक्षात आलं की वास हे अर्धंच दुखणं. उरलेलं अर्धं वळणांचं. म्हणून त्यांनी टेम्पोची मागची सीट काढली आणि छताला साखळ्यांनी झोपाळा टांगला. यान डावीकडे वळो की उजवीकडे, माणूस आपल्या जागी सरळ. बसून बघायला कुणी तयार होईना. शेवटी मलाच बसवलं, कारण मला कुणाला नाही म्हणता येत नाही. मांडीवर बाजाराची पिशवी होती. पहिल्या वळणाला मी सरळच राहिले. दुसऱ्या वळणाला यान वळलं आणि मी झोपाळ्यासकट उघड्या बाजूने बाहेर जाऊन परत आत आले. रस्त्यात उभ्या असलेल्या पोस्टमनच्या हातात माझी पिशवी गेली. पोस्टमन तिकडून ओरडला, "अण्णा, पार्सल कुणाचं?"

मी उतरले आणि पोस्टमनकडून पिशवी घेतली. अण्णांनी एवढंच विचारलं, "पोटात ढवळलं का?"

"नाही," मी म्हटलं. खरंच ढवळलं नव्हतं. घाबरायलाच इतकं झालं की ढवळायला सवड नव्हती.

"बघ! तत्त्व बरोबर हाय."

सगळ्यांत गाजलं ते उडतं यान. आभाळात वळणं नसतात, हे अण्णांना एका उन्हाळ्यात सुचलं. त्यांनी फणसाच्या लाकडाचा मोठा पंखा तासला, एका स्कूटरच्या इंजिनाला जोडला, तीन चाकांवर खुर्ची बसवली आणि दोन्ही बाजूंना बांबूवर ताडपत्रीचे पंख ताणले. मे महिना होता. वाडीच्या वर कातळाचा सपाट माळ आहे, सडा म्हणतो आम्ही. तिथे बायकांनी फणसपोळ्या वाळत घातल्या होत्या. अण्णा डोक्याला मफलर बांधून खुर्चीत बसले. बाजूला काकी हात जोडून उभी. इंजिन सुरू झालं, पंखा फिरला आणि यान मागे जायला लागलं. पंखा उलटा बसला होता. अण्णा पुढे बघत होते आणि मागे मागे जात होते. वारा सगळा पुढे आला. अर्ध्या ओल्या फणसपोळ्या ताटांवरून उठल्या आणि बघणाऱ्यांच्या तोंडावर, अंगावर, केसांवर चिकटल्या. माझ्या सासऱ्यांच्या टकलावर एक अशी बसली की तेल लावून काढावी लागली. यान करवंदीच्या जाळीत जाऊन थांबलं.

काकी धावत गेली. काटे काढता काढता म्हणाली, "अहो, कशाला जीव घालवता? मी नाय गेले तर काय बिघडतंय?"

"तू मधे बोलू नको. हे देशाचं काम हाय."

हसायचो आम्ही. आता ते दिवस आठवले की वाटतं, तेव्हा वाडीला करमणुकीला दुसरं काही लागतच नव्हतं. शेडमधून हातोडीचा आवाज आला नाही तर माझ्या सासूबाई विचारायच्या, "रघू आजारी हाय काय?" पुढे अण्णा निवृत्त झाले, केस पांढरे झाले, ऐकायला कमी यायला लागलं, पण हातोडी चालू होती. उडायचं त्यांनी सोडून दिलं. परत त्या टेम्पोवर आले आणि सगळं नव्याने केलं. इंजिन मागे नेलं, त्याच्यामध्ये आणि माणसांमध्ये काथ्याची जाड भिंत घातली, सीटखाली ट्यूबमध्ये हवा भरली, डिझेलची टाकी बंद पेटीत ठेवली. गेल्या दोन वर्षांत त्या यानात बसून मी बाजाराला जाऊन आले आहे. खरं सांगते, वास येत नाही. हादरे बसत नाहीत. फक्त ते आम्हाला नेहमीसारखं हसण्यावारी न्यायचं होतं, म्हणून कुणी तसं बोललं नाही.

या शिमग्याला माझा मुलगा प्रवीण मुंबईहून आला तो विजेवरची गाडी घेऊन. अंगणात आली ती मांजरीसारखी, आवाज न करता. अण्णा लगेच हजर. पुढून हुंगली, मागून हुंगली. खाली वाकले तर धुराची नळीच नाही. दोनदा वाकून बघितलं. मग गुडघे झाडून उठले.

प्रवीण म्हणाला, "अण्णा, हिला वासच नाय. तेलच नाय तर वास कसला? आवाज पण नाय. काकीला उद्या मी नेऊन सोडतो माहेरी. पालखीच्या आधी पोचवतो."

वाडी जमलेली होती. सगळ्यांना आनंद झाला. "जा गो सुनंदा, आता काय सबब नाय," असं सगळ्या म्हणायला लागल्या. काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिने एकदा अण्णांकडे बघितलं आणि खाली मान घातली. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी जायचं म्हणून भरून आलं असेल.

अण्णा एकदम म्हणाले, "आवाज नाय तेच वाईट."

"म्हणजे?"

"आवाज आला की पोटाला कळतं, आता चढ आला, आता उतार आला. आवाज नाय म्हणजे पोट गोंधळणार. माणूस मुळीच टिकायचा नाय."

"अण्णा, कायतरीच काय!" प्रवीण हसला.

"कायतरीच नाय. आणि माझी बायको माझ्या यानातून जाणार. उद्या सकाळी. एवढी वर्षं मी काय गोट्या खेळलो?"

बरोबरच होतं. आयुष्य घालून केलेलं यान दारात असताना काकी दुसऱ्याच्या गाडीतून गेली असती, तर म्हाताऱ्याला काय वाटलं असतं? प्रवीणही म्हणाला, "अण्णांचा मान राहू दे. मी मागून येतो, वाटेत बंद पडलं तर काकीला घेईन." अण्णांचा चेहरा तेवढ्याने आणखी उतरला.

त्या दिवशी होळी. दुपारी मी पुरणपोळ्या घेऊन त्यांच्याकडे गेले. काकी नैवेद्य घेऊन होळीकडे गेली होती, म्हणून ताट द्यायला मी शेडमध्ये गेले. अण्णा यानाच्या मागे वाकलेले. हातात पाना. टाकीकडून इंजिनाकडे जी डिझेलची नळी जाते, तिचा नट ते सैल करत होते. थोडा सैल करायचे, बोटाने हलवून बघायचे, परत अर्धा फिरवायचे.

मला इंजिनातलं फार कळत नाही. पण इतकी वर्षं शेजारी राहून एवढं कळतं, की त्या नळीत हवा शिरली की डिझेलचं इंजिन बंद पडतं. अण्णाच ओरडत असायचे, हवा धरली, हवा धरली.

मी म्हटलं, "अण्णा, तो घट्ट करायचा ना?"

ते दचकले. मला बघून पाना खाली ठेवला. लेंग्याला हात पुसले. मग म्हणाले, "बस."

मी नटबोल्टांच्या डब्यावर बसले.

"गेल्या वर्षी माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. आंबा घाटातून आपण जीपने कोल्हापूरला गेलो. तू होतीस."

होते. विसरणार कशी? त्या जीपला डिझेलचा असा वास होता की घाट संपेपर्यंत मी चार वळणांवर गाडी थांबवायला लावली होती.

"तुझं कपाळ कोणी धरलं?"

"काकीने," मी म्हटलं. आणि म्हणताना माझ्या ध्यानात आलं. अण्णांचं डोकं मांडीवर, माझं कपाळ हातात, आणि काकीला साधी मळमळही झाली नव्हती. तेव्हा मला वाटलं होतं, काळजीपुढे तिला दुसरं सुचलं नसेल.

"मी पण काय ओळखलं नाय इतकी वर्षं," अण्णा म्हणाले. "वाटायचं, वास काढला की जाईल, हादरे काढले की जाईल. तिला गाडी लागत नाय, सुलभा. तिला कोण बोलवतच नाय."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी काकीच्या गावात भाताच्या गिरणीचं इंजिन दुरुस्त करायला ते गेले होते. गिरणीशेजारीच काकीचं घर. इंजिन दुसऱ्याच दिवशी नीट झालं होतं. "पण मग मला परत यावं लागलं असतं. म्हणून मी दिवसा दुरुस्त करायचो आणि संध्याकाळी बिघडवून ठेवायचो." एवढं बोलून ते जरा हसले. काकी घरच्यांच्या मनाविरुद्ध त्यांच्याबरोबर आली. वडिलांनी नाव टाकलं. वडील गेले तेव्हा अण्णांना वाटलं राग मिटला, पण भावांनीही तेच धरून ठेवलं होतं. आमच्याकडे माहेरवाशिणीला बोलावणं यावं लागतं. देवी सगळ्यांची असली तरी तिच्यासाठी पाट भावाच्या घरात मांडायचा असतो. न बोलावता ओटी घेऊन गेलं आणि भाऊ दारात आला नाही, तर त्या बाईने तोंड कुठे लपवायचं?

"लोक विचारणार, माहेरी का जात नाय. तर ती सांगत आली, गाडी लागते. चांगलं सांगितलंन. दोष गाडीवर गेला. भाऊ चांगले राहिले, नवरा चांगला राहिला." अण्णांनी यानावर हात ठेवला. "उद्या ही गाडी धड पोचली, तर पुढे काय सांगेल ती?"

"मग आधीची यानं पण तुम्ही..."

"छ्या!" अण्णा एकदम ताठ झाले. "ती सगळी आपोआप बिघडली. हे एकच बिघडवावं लागतंय."

त्यांनी पुरणपोळी तशीच उभ्याने खाल्ली. मी रिकामं ताट घेऊन घरी आले.

सकाळी अख्खी वाडी जमली. यानाला कुणी झेंडूचा हार घातला. काकी नवी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली. अण्णांनी बटण दाबलं आणि यान पहिल्या झटक्यात सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा पुढे बघत होते. कुणाकडे बघत नव्हते. प्रवीणची गाडी मागे तयार होती.

यान वाडीतून निघालं, देवळापाशी वळलं, चढाला लागलं. तिथे ते दोनदा खोकलं आणि थांबलं.

"हवा धरली," अण्णा मोठ्याने म्हणाले.

लोक हसले. नेहमीसारखंच हसले. कुणीतरी ओरडलं, "अण्णा, तत्त्व बरोबर हाय ना?" आणखी हशा झाला. अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. आयुष्यात एकच यान त्यांना जमलं होतं, आणि ते कुणालाही सांगता येणार नव्हतं.

प्रवीण पुढे झाला. "काकी, उतरा. माझ्या गाडीत बसा, चला."

मी चारचौघांत कधी बोलत नाही. पण तेव्हा बोलले. "प्रवीण, मला डॉक्टरकडे ने. आत्ता. माझ्या छातीत कसंतरी होतंय."

पोराचं तोंड पांढरं झालं. ते बघून मला वाईट वाटलं, पण इलाज नव्हता. डॉक्टरने तपासलं आणि वाऱ्याची गोळी दिली. परत आलो तोवर वाडीतल्या पोरांनी यान ढकलत शेडमध्ये नेलं होतं आणि दापोलीला निघायची वेळ टळून गेली होती.

काकीकडे गेले. वाटलं, बिचारी बसली असेल पिशवी घेऊन. अण्णा पडवीत भिंतीला टेकून डोळे मिटून होते. आत काकी चुलीपुढे. कढईत तांदळाचे वडे फुगत होते. बाजूला मटणाच्या सागोतीचं पातेलं, वर झाकण. धुळवडीचं सगळं जेवण तयार.

वड्यांचं पीठ आदल्या रात्री मळून ठेवावं लागतं. सकाळी माहेरी निघणारी बाई रात्री पीठ मळत नाही. मी परातीतल्या पिठाकडे बघितलं. चांगलं चढलं होतं. दोघांपुरतं नव्हतं, प्रवीण आणि मी धरून होतं.

काकीने माझी नजर बघितली. वडा उलटवत हळूच म्हणाली, "त्यांना बोलू नको हां गो. पीठ रात्रीचं हाय."

मी मान हलवली. तिने केळीचं पान मांडलं आणि बाहेर हाक मारली, "अहो, उठा. जेवून घ्या. सकाळपासून दमलात."

अण्णा आत येऊन बसले. पहिला वडा मोडला तशी त्यातून वाफ आली. त्याच्याकडे त्यांनी जरा वेळ बघितलं.

"एवढ्यात कसे गो केलेस?"

"केले," काकी म्हणाली.

अण्णांनी पान पुढे सरकवलं. "अजून दोन वाढ."